फौजेतून आणलेला मारोती

“किती घेता?”

मी दारू पीत नाही. आजारपणात हे वाक्य मी इतक्या जणांना सांगितलं, की शेवटी शेवटी माझं मलाच ते खोटं वाटायला लागलं होतं.

फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालो आणि गोंदियाजवळ कामठ्याला घरी आलो. दुसरं वर्ष लागलं आणि पोट दुखायला लागलं. साधं दुखणं नव्हतं ते. ओलं धोतर दोन्ही बाजूंनी धरून पिळावं तशी आतडी पिळून निघायची. मी गुडघे पोटाशी घेऊन पडून राहायचो. पोट साफ होत नव्हतं, भूक मेली होती आणि तोंडात कायम जुनं नाणं चघळल्याची चव. चेहरा तर असा पांढरा पडला की चौकात लोक थांबवून विचारायचे, “हवालदारसाहेब, तब्येत बरोबर नाही का?”

गोंदियात एका डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी ‘माजी सैनिक’ एवढं ऐकलं आणि चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं.

“किती घेता रोज?”

“काय?”

“कँटीनची. लाजायचं काय त्यात?”

“साहेब, मी घेत नाही.”

“सब यही बोलते हैं,” ते हसून म्हणाले आणि लिव्हरची औषधं दिली.

माझी बायको कुसुम शेजारच्या खुर्चीवर बसली होती. बाहेर आल्यावर तिनं औषधांची पिशवी आपल्याकडं घेतली. मग म्हणाली, “तुमी बाहीर कोठी पेऊन तं येत नाई ना?”

इतकी वर्षं मी सीमेवर आणि ती इथं. तिनं माझा संसार पत्रांवर आणि फोनवर केला. तिला काय ठाऊक मी तिकडं काय करत होतो? त्या दिवसापासून कुसुम माझ्या जवळून जाताना हळूच वास घ्यायची. मला कळायचं. ते मी मनात धरून ठेवायचो.

खिशातला देव

पुढचं समजायला मारोतीबद्दल सांगावं लागेल.

फौजेत जवळजवळ प्रत्येकाच्या खिशात काहीतरी असतं. आमच्या सेक्शनमधल्या पंजाबच्या पोराकडं रेशमी कापडात गुंडाळलेला छोटा गुटका, म्हणजे गुरबाणीची पोथी होती. नागालँडचा एक जण लाकडाचा क्रूस गळ्यात घालायचा, स्वतः चाकूनं कोरलेला. ड्रायव्हर होता त्याच्या दंडाला ताईत. गस्तीला निघायच्या आधी हत्यार तपासून झालं की सगळ्यांचे हात आपापल्या देवाकडं जायचे. कुणी कुणाकडं बघत नसे. साहेबांचाही हात जायचा.

माझ्याकडं मारोती होता. अंगठ्याएवढा, हातात घेतला की त्या मानानं भलताच जड. तो मला बलवंतनं दिला. बलवंत हिमाचलचा, माझ्याच सेक्शनमधला, हातानं मोठा कसबी माणूस. बर्फानं रस्ता बंद झाला की करायला काही नसायचं. मग तो चांदमारीच्या मैदानातल्या मातीच्या बंधाऱ्यातून उकरून आणलेल्या जुन्या गोळ्या डब्यात घालून बुखारीवर, म्हणजे खोली गरम ठेवायच्या शेगडीवर वितळवायचा आणि मातीच्या साच्यात ओतायचा. असे मारोती त्यानं सेक्शनमधल्या कितीतरी जणांना दिले. म्हणायचा, “जो गोली चल चुकी, वो अब किसी को नहीं मारेगी.”

एकदा आमची गाडी उतारावरून घसरून नाल्यात गेली. मी दगडांवर उताणा पडलो आणि उठून चालत वर आलो. खिशातल्या मारोतीचं नाक तेवढं चेपलं होतं. मला माझ्यापुरतं कळायचं ते कळलं.

घरी आल्यावर आई म्हणाली, “ज्यानं तुले वाचवलं त्याले खिशात कायले ठेवतं? देवघरात ठेव. रोज आंघोळ घाल.” मला ते पटलं. रोज संध्याकाळी पूजा झाली की मी मारोतीला तांब्याच्या गडव्यात पाण्यात ठेवायचो, वर तुळशीची पानं, शनिवारी दही आणि लिंबाचे थेंब. सकाळी त्याला बाहेर काढून पुसायचो आणि ते पाणी तीर्थ म्हणून प्यायचो. कुसुम आणि आई पळीभर घ्यायच्या. उरलेला सगळा गडवा माझा. बाहेरगावी जाताना मारोती पुन्हा खिशात.

फौजेतली शिस्त म्हणा, मी एकही दिवस चुकवला नाही.

घरी आलो की

धान कापायला आला त्या वेळी एका सकाळी बांधावर माझ्या हातातून विळा पडला. उचलला, पुन्हा पडला. मनगट वर होईना. पंजा खाली लोंबत राहिला, दोरी सुटलेल्या बाहुलीसारखा. ज्या हातानं मी रायफल धरली त्या हातानं मला सदऱ्याची गुंडी लावता येईना. तेव्हा मी पहिल्यांदा खरा घाबरलो.

नागपूरच्या एका मोठ्या दवाखान्यात भरती झालो. रक्त कमी होतं, ते चढवलं. हाताच्या नसा कमजोर झाल्या होत्या, त्याच्या गोळ्या. इथंही दारूचं विचारलंच. पण एक झालं. तिथं राहता राहता पोट शांत झालं. भूक लागली. डाळभात चवीनं खायला लागलो. सुट्टी मिळून घरी आलो तेव्हा गावात चालत फिरलो.

महिना-दीड महिना गेला आणि पुन्हा तेच. तोच पीळ, तीच नाण्याची चव.

मग हवापालट म्हणून सालेकशाला बहिणीकडं राहायला गेलो. जंगलाकडचं गाव, मोहफुलांचे दिवस. तिथंही बरा झालो. परत आलो, पुन्हा आडवा.

आता मी फौजी माणूस. पहाऱ्यावर आम्हाला शिकवलेलं असतं, की एकच गोष्ट एकाच जागी परत परत घडली तर तिथं कुणीतरी आहे. मी खाटेवर पडून हिशोब मांडला. दवाखान्यात बरा. बहिणीकडं बरा. घरी आजारी. घरात कोण? आई आणि कुसुम.

आईनंच एकदा माझ्या कपाळावर हात फिरवत म्हटलं, “बाबू, तुले कोनं तरी काही खाऊ घालून राहिलं.”

“कोन?”

“मी कोनाचं नाव नाई घेत,” आई म्हणाली. पण बघत होती ती चुलीकडं.

ते बोलणं माझ्या डोक्यात रुतून बसलं. मी कुसुमवर नजर ठेवायला लागलो. ती वाढताना पाठ करून का उभी राहते? माझ्या भाजीत वेगळं तिखट का घालते? माझी पेन्शन, माझ्या वाट्याची शेती, मी गेल्यावर सगळं कुणाला? असले विचार करायला मला लाज वाटत नव्हती, इतका मी बदललो होतो. चिडचिड इतकी वाढली होती की ताटली आपटायचो. पुढं नागपूरला भेटलेल्या एक डॉक्टर मॅडम म्हणाल्या, की ती चिडचिडसुद्धा आजाराचाच भाग होती. पण ती माझ्या तोंडून निघत होती, आणि ऐकणारी कुसुम होती.

एक दिवस मी ताट सरकवून दिलं. “आजपासून माझं मी करून घेईन.”

तिनं विचारलं, “काऊन?”

मी चुलीकडं पाहिलं. तिला कळलं. ती माझ्यासमोर पाटावर बसली, माझं ताट आपल्याकडं ओढलं, भाताचा घास घेतला, वरणाचा घेतला, भाजी खाल्ली. पाणी प्यायली. मग ताट परत माझ्याकडं सरकवलं.

“आता जेवा. रोज मी पहिले खातो, मंग तुमी.”

त्या दिवसापासून रोज तसंच. न चुकता, माझ्या डोळ्यांसमोर. मला वाटायचं, हिनं आधीच उतारा घेतला असेल.

हिरड्यांवरची रेघ

पुढच्या वेळी पोटात इतकं दुखलं की मी ओरडत होतो. माझा धाकटा भाऊ खेमराज गोंदियाहून गाडी घेऊन आला. घाईत मला उचलून नेलं. मारोती गडव्यातच राहिला.

पुन्हा नागपूर, तोच दवाखाना. पण यावेळी वॉर्डात नवीन डॉक्टर मॅडम होत्या. वयानं लहान, बोलायला सरळ. त्यांनी आधीचे सगळे कागद वाचले आणि बाजूला ठेवले. मग बॅटरी घेऊन म्हणाल्या, “तोंड उघडा. ओठ वर करा.”

बराच वेळ बघत राहिल्या.

“हिरड्यांवर ही निळी-काळी रेघ कधीपासून आहे?”

“माहीत नाही. तंबाखूचा खर्रा खायचो पूर्वी. सोडला कधीचा.”

“खर्र्याची नाही ही.” त्यांनी स्टूल ओढून घेतलं. “काका, मला सांगा. तुम्ही इथं आलात की बरे होता, घरी गेलात की आजारी पडता. असं का?”

हा प्रश्न मला कुणीतरी विचारावा याचीच मी वाट बघत होतो. मी कुसुमला म्हटलं, बाहेर जा. ती गेली. दार लागलं तसं मी म्हणालो, “मॅडम, मला घरात कुणीतरी विष देतंय.”

त्या हसल्या नाहीत. “असेल,” म्हणाल्या. “कुणी देत असेल असं नाही, पण जात असेल. रक्त पाठवू आपण.”

तपासणी बाहेर पाठवावी लागली. ते वाट बघण्याचे दिवस फार वाईट गेले. मी दवाखान्याच्या जेवणाशिवाय काही खाल्लं नाही. कुसुमनं आणलेला चहा मी मोरीत ओतायचो. ती कप धुवून ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आणायची.

रिपोर्ट आला तेव्हा मॅडमनी आम्हा दोघांना बसवून सांगितलं. “तुमच्या रक्तात शिसं आहे. खूप. पोटदुखी, हात लुळा पडणं, रक्त कमी होणं, सगळं त्यामुळं.”

“शिसं म्हणजे?”

“बंदुकीच्या गोळीत असतं ते.”

इतकी वर्षं फौजेत काढली आणि एक गोळी लागली नाही. आणि घरी बसून अंगात शिसं? मला हसू आलं. म्हणजे मी वेडा नव्हतो. म्हणजे खरंच काहीतरी पोटात जात होतं.

कुसुमनं विचारलं, “हे मरतीन का?”

“नाही. कुठून जातंय ते सापडलं तर नाही.”

मॅडम विचारत गेल्या. कल्हईची भांडी? वैदूचं भस्म? सुटी हळद, कुंकू, शेंदूर? घरात रंगकाम? आणि शेवटी, “घरात कुणी बॅटऱ्यांचं काम करतं का? गाडीच्या, इन्व्हर्टरच्या बॅटऱ्यांत शिसं असतं.”

मी आणि कुसुमनं एकमेकांकडं पाहिलं. खेमराजचं गोंदियात बॅटऱ्यांचंच दुकान आहे.

भाऊ

आता शक कुसुमवरून उठून भावावर जाऊन बसला. शेती सामाईक होती. वाटणीचं बोलणं एक-दोनदा निघून थांबलं होतं. तो दर रविवारी घरी यायचा, कधी मासे आणायचा बोदलकशाच्या तळ्यातले, कधी पेढे. मी प्रत्येक रविवार आठवून पाहिला. मासे कोणी साफ केले, पेढे आधी कुणी खाल्ले.

खेमराज भेटायला आला तेव्हा मी खाटेवर उठून बसलो.

“तुझ्या दुकानात शिसं असते ना?”

“असते नं. काऊन?”

“तेच माझ्या रक्तात निघालं.”

त्याला समजायला वेळ लागला. चेहरा हळूहळू बदलत गेला. हातात संत्र्यांची पिशवी होती, ती त्यानं खाटेवर ठेवली नाही, छातीशी धरून ठेवली.

“भाऊ, तुमी का म्हणून राहिले, तुमाले समजते का?”

“मी विचारून राहिलो फक्त.”

“विचारून नाई राहिले. पोलिसासारखे पाहून राहिले.” त्याचा आवाज चढला, शेजारच्या खाटांवरची माणसं वळली. “बाबा गेले तवापासून तुमाले बापाच्या जागी मानलं. चार माणसांसमोर म्हनता का मी तुमाले जहर देतो?”

“मग कोन देते?”

“मले का मालूम! मी उचलून आनलं नसतं तं त्याच दिवशी मेले असते तुमी!”

तो संत्री घेऊनच निघून गेला. मला वाटलं, खऱ्या माणसानं संत्री ठेवली असती.

दुसऱ्या दिवशी मी मॅडमना म्हणालो, पोलिसात कळवायचं का? त्या म्हणाल्या, “आधी घरातली प्रत्येक वस्तू माझ्यासमोर आणा. मग ज्याला कळवायचं त्याला कळवा.” हे काम कुसुमनं घेतलं. मी तिला निघताना एकच सांगितलं, “माझा मारोती घेऊन ये. तो जवळ नाही म्हणून हे सगळं चालू आहे.”

पिशवी

कुसुम परत आली ती मोठी पिशवी घेऊन. मॅडम फेरीवर होत्या. तिनं त्यांच्यासमोर फिरत्या टेबलावर एकेक वस्तू मांडायला सुरुवात केली. हळदीची पुडी, तिखट, कुंकवाची डबी, शेंदूर, मीठ. आईचं चूर्ण. कल्हई केलेलं पातेलं. घरचं तेल. नळाचं पाणी एका बाटलीत. पोळ्यांचा डबासुद्धा. घर झाडून आणलं होतं तिनं.

शेवटी पूजेच्या लाल फडक्यात गुंडाळलेला मारोती निघाला. मी हात पुढं केला.

कुसुमनं तो माझ्या हातात दिला नाही. टेबलावर, शेंदराच्या डबीशेजारी ठेवला. त्याच्याजवळ तांब्याचा गडवा ठेवला.

“मॅडम, हा ह्यायचा देव. रात्रभर या गडव्यात पान्यात राहते. सकाळी हे पूर्न गडवा पेतात. मी अना सासूबाई पळीभर.”

मला आधी कळलंच नाही ती काय करतेय. कळलं तसा अंगाचा भडका उडाला.

“देवावर शक घेतेस? लाज नाही वाटत?”

ती माझ्याकडं वळली. आवाज चढवला नाही तिनं.

“माह्यावर घेतला. भावावर घेतला. तवा लाज नाई वाटली तुमाले. आता याच्यावरही घ्या.”

मॅडमनी मारोती उचलला, हातात तोलला. “हा कशाचा आहे?”

मला उत्तर ठाऊक होतं. पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. बुखारीवर तो डबा ठेवलेला मी माझ्या डोळ्यांनी पाहिला होता. पण ज्या दिवशी तो साच्यातून निघाला आणि बलवंतनं त्याला शेंदूर लावला, त्या दिवसापासून तो माझ्यासाठी कशाचाही नव्हता. तो मारोती होता. म्हणून शिसं हा शब्द ऐकून मी सगळ्या जगावर नजर फिरवली, त्याच्यावर नाही.

“गोळ्यांचा,” मी म्हणालो. “जुन्या गोळ्या वितळवून केलाय.”

मॅडमनी एका कोऱ्या कागदावर त्याचा पाया घासला. पेन्सिलीनं ओढावी तशी करडी रेघ उमटली. त्यांनी सगळ्या वस्तू तपासायला पाठवल्या, नुसत्या कागदावरच्या रेघेवर त्या थांबल्या नाहीत. पण मला त्या रेघेनंच सांगितलं. पुढं निकाल आला तो तसाच. हळद चांगली होती, चूर्ण चांगलं होतं, पातेलं चांगलं होतं. गडव्यातलं पाणी विष होतं. खिशात होता तोवर त्याचा काही त्रास नव्हता, मॅडमनी समजावलं. रात्रभर तांब्याच्या भांड्यात, वर दही-लिंबाचा आंबटपणा, त्यानं शिसं पाण्यात उतरत होतं. आणि मी ते घोटाघोटानं, हात जोडून पीत होतो.

मॅडमनी कुसुमचं आणि आईचंही रक्त घेतलं. आईचं ठीक निघालं; ती पळीतलं तीर्थ नुसतं ओठांना लावायची. कुसुमच्या रक्तातही शिसं होतं, माझ्यापेक्षा पुष्कळ कमी, पण होतं.

“तुमचं पोट दुखायचं का?” मॅडमनी तिला विचारलं.

“दुखायचं नं. पन ह्यायचं जास्त दुखायचं.”

सडक्या अंड्याचा वास

उपचार लांबला. त्याची कॅप्सूल असते, तिला सडक्या अंड्याचा वास येतो. तो वास घामाला, लघवीला, श्वासाला लागतो. शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्यानं पहिल्या दिवशी नाक मुरडलं, नंतर त्याला सवय झाली. कॅप्सूल रक्तातलं शिसं ओढून बाहेर काढते, पण हाडांत जाऊन बसलेलं हळूहळू निघतं. त्यामुळं औषध, मग विश्रांती, मग पुन्हा औषध.

मनगटाला पट्टी बांधून ठेवत. फिजिओथेरपीचा माणूस रोज म्हणायचा, “पंजा वर.” मी सगळा जोर लावायचो, कपाळाला घाम यायचा, पंजा हलायचा नाही. हा हात कायमचा गेला, असं मी धरूनच चाललो होतो. एक सिस्टर होती, ती सकाळी कुणाशी तरी गप्पा मारत यायची आणि गप्पा मारतामारताच माझ्या सदऱ्याच्या गुंड्या लावून पुढं जायची. माझ्याकडं बघायचीसुद्धा नाही. तिचे उपकार मी विसरणार नाही.

कुसुम चहा आणायची. मी प्यायचो. एक दिवस कप हातात घेताना मनगट थोडंसं, अगदी थोडंसं वर उचललं गेलं. आम्ही दोघांनी ते पाहिलं. ती म्हणाली, “चहा सांडवाल,” आणि तोंड फिरवून बसली.

घरी आल्यावर मारोतीचं काय करायचं हा प्रश्न होता. आई म्हणाली, पाण्यात विसर्जन करा. पण कुठल्या पाण्यात? तळ्यात मासे आहेत, लोक ते खातात. शेवटी काचेच्या बरणीत ठेवून झाकण पक्कं लावलं. देवघरातच आहे. फूल बरणीच्या बाहेर वाहतो. आईला ते आवडत नाही. म्हणते, देवाले कैद केलं.

खेमराजकडं मी गेलो होतो, त्याच्या दुकानात, गिऱ्हाईक असताना. सगळ्यांसमोर बोललो होतो म्हणून सगळ्यांसमोरच माफी मागितली. तो “बसा भाऊ” म्हणाला. आता तो घरी येतो. रविवारीच येतो. पण आमच्याकडं पाणीसुद्धा पीत नाही.

फोन

हे सगळं लिहायला मला कारण आहे. बलवंतनं तो एकच मारोती केला नव्हता.

सेक्शनमधल्या एकेकाचा नंबर शोधला. फौजेतली माणसं देशभर पांगलेली. मी प्रत्येकाला तेच सांगायचो: खिशात ठेव, देवघरात ठेव, पण पाण्यात घालू नको, मुलांच्या तोंडात जाऊ देऊ नको, आणि रक्त तपासून घे. एक जण म्हणाला, तू कुठल्या नव्या बाबाच्या नादी लागलास का? दुसऱ्यानं विचारलं, हे बोलायला तुला कुणी सांगितलं? एकाचा मारोती कधीच हरवला होता, तो मोठ्यानं हसला.

बलवंतला फोन करणं मी सगळ्यांत शेवटी ठेवलं होतं. ज्यानं प्रेमानं दिलं त्याला हे कसं सांगायचं? सकाळी जेवणाआधी लावला, फोन चटईवर ठेवून, आवाज मोठा करून, कारण हात अजून जास्त वेळ वर धरता येत नव्हता. कुसुम तांदूळ निवडत बसली होती.

त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, “तेजराम, मेरे हाथ का मारुती किसी को जहर नहीं दे सकता.”

“तेरे हाथ का दोष नहीं है, यार. सीसे का है.”

“मैं आज भी बनाता हूँ. भर्ती होके जो लड़के जाते हैं गाँव से, सबको देता हूँ. मेरी पोती तो उसी को लेके सोती है. दाँत निकल रहे हैं उसके, चबाती रहती है. उसको कुछ नहीं हुआ.”

मी बोलायला तोंड उघडलं, पण तोच पुढं म्हणाला, “बुरा मत मानना. अपनी घरवाली पे नजर रख. औरत कुछ पिला देती है और नाम भगवान का लगता है.”

तांदळातला कुसुमचा हात थांबला.

मी म्हणालो, “बलवंत, वो नजर मैं रख चुका हूँ. उसके खून में भी निकला है.”

कुसुमनं सूप बाजूला सारलं, फोनवर वाकली आणि तिच्या मोडक्या हिंदीत म्हणाली, “भाईसाब, मेरे को जितना गाली देना है देना. पहले पोती का खून चेक करो.”

त्यानं फोन ठेवला.

नंतर मी दोनदा लावला, उचलला नाही. मला वाटलं, गेली दोस्ती. कुसुम म्हणाली, “दोस्ती जाऊ द्या. पोरीचं का झालं तेवढं समजाले पाह्यजे.”

धानाची रोवणी संपत आली होती, आम्ही बांधावर जेवायला बसलो होतो, तेव्हा त्याचा फोन आला. नमस्कार नाही, हालहवाल नाही.

“तेजराम, वो सड़े अंडे वाला कैप्सूल,” बलवंत म्हणाला. “बच्ची थूक देती है. भाभी को दे जरा फोन.”

मी आवाज मोठा करून फोन कुसुमच्या कानाजवळ धरला. तिचे हात चिखलानं भरले होते.

“पहले डाक्टर से पूछना,” ती म्हणाली. “वो हाँ बोले तो खोल के केले में मिलाना. थोड़ा-थोड़ा देना. डाँटना मत.”

“हाँ जी, भाभीजी,” तो म्हणाला. “और?”

“अना वो सब लड़कों को फोन किया क्या, जिनको दिया तुमने?”

“कर रहा हूँ,” बलवंत म्हणाला. “कोई मानता नहीं, भाभीजी. सब मुझ पे ही शक करते हैं.”